माइटोकॉन्ड्रिया 'चार्ज' करणाऱ्या कॅप्सूल: अख्खी बाटली संपवून लिहिलेला रिव्ह्यू

पाचपैकी दोन स्टार देतेय आणि दोनच का ते नीट सांगते, कारण बाकी सगळ्यांनी 'सुपर प्रॉडक्ट', 'व्हेरी नाइस', 'मिस्टरांना फरक पडला' एवढंच लिहून ठेवलंय आणि ते वाचून माणूस हजार-दीड हजार रुपये घालवून बसतो. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण प्रकरण एका कंपनीचं नाहीच, बाजारात असल्या ढिगाने बाटल्या आहेत, सगळ्यांवर तेच हिरव्या बॅटरीचं चित्र, तेच 'सेल्युलर एनर्जी' आणि तेच धावणारे आजोबा. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, श्वसनाचा धडा दरवर्षी घेते, त्यामुळे डब्यावर माइटोकॉन्ड्रिया (पेशीतले एनर्जी बनवणारे बारीक भाग) हा शब्द दिसला की मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मला राहवत नाही. घरातले वैतागतात, पण असू दे.

घेतल्या कशासाठी तर नवऱ्याला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, स्टॅटिन, आणि ती सुरू झाल्यापासून पोटऱ्या आणि मांड्या दुखतात, जिना चढून आले की सोफ्यावर बसून राहतात. ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की स्टॅटिनने शरीरातलं को-क्यू-टेन (पेशीला एनर्जी बनवायला लागणारा पदार्थ, या कॅप्सूलमधला मुख्य घटक, पुढे नुसतं क्यू-टेन म्हणते) कमी होतं, ते बाहेरून घे, म्हणजे पाय दुखायचे थांबतील आणि वर एनर्जी पण येईल. म्हटलं घेऊन बघू, सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असं नव्हतं (त्यावर खाली लिहिलंय).

आधी पॅकिंगचं सांगते म्हणजे ते एकदा उरकलं. बाटली चांगली जाड आहे, उजेड आत जाणार नाही अशी, आत सिलिका जेलची पुडी, झाकणाचं सील व्यवस्थित. क्यू-टेन उजेडाने खराब होतं त्यामुळे ही काळजी घेतली ते बरं केलं. पण उन्हाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आमच्याकडे जळगावला मे महिन्यात पार्सल आलं, कुरियरवाल्याच्या गाडीत दुपारभर फिरलं असणार, उघडून बघते तर अर्ध्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून एक गठ्ठा झालेला आणि दोन-तीन फुटून तळाला नारिंगी तेल. ते तेल बोटाला लागलं की साबणाने पण लवकर जात नाही, आणि नॅपकिनवर पडलेला डाग अजून तसाच आहे. नुसतं क्यू-टेन म्हणजे पिवळी-नारिंगी पावडर असते, ती वितळते ४८-४९ अंशाला, पण वरचं जिलेटिनचं कवच त्याच्या आधीच मऊ पडतं. कस्टमर केअरला फोटो पाठवले, तर 'हेल्थ प्रॉडक्टला रिटर्न नाही' असं कॉपी-पेस्ट उत्तर. तेव्हा विदर्भ-खानदेशवाल्यांनो, मागवायचंच असेल तर थंडीत मागवा.

आणि जिलेटिन म्हटलं म्हणून सांगते, शाकाहारी मंडळींनी डब्यावरची खूण बघून घ्या. आतलं क्यू-टेन बहुतेक वेळा यीस्टपासून फर्मेंटेशन करून बनवतात, त्याचा प्रश्न नाही, पण सॉफ्टजेलचं कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असू शकतं. आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि बाटली देवघराच्या कपाटातून तडक बाहेर काढली.

आता पहिली चलाखी. समोर मोठ्या अक्षरात १०० एमजी. मागे बघा, 'पर सर्व्हिंग', आणि सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल! म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ५०, आणि महिन्याची वाटणारी बाटली पंधरा दिवसात साफ. हे बेकायदेशीर नसेल पण सरळही नाही. किंमत बघताना नेहमी एमजीचा हिशोब करा, कॅप्सूलचा नको.

समोरच्या बाजूला तीन दावे आहेत. 'माइटोकॉन्ड्रिया चार्ज करते', 'पेशींचं पॉवरहाऊस ५ पट अॅक्टिव्ह', आणि '७ दिवसांत फरक अनुभवा'. मागच्या बाजूला एकदम खाली, भिंगाशिवाय दिसणार नाही एवढ्या अक्षरात, औषधी वापरासाठी नाही. ते पण बरोबरच आहे, कायद्याने हे फूड सप्लिमेंट आहे, औषध नाही, तसं लिहावंच लागतं. पण मग पुढे ते ५ पट कुठून आलं? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आता चार्ज या भानगडीवर येते, इथे माझं डोकं जास्त फिरलंय. बॅटरीचं चित्र बघून असं वाटतं की माइटोकॉन्ड्रियात एनर्जी भरून ठेवता येते, सकाळी कॅप्सूल घ्या, फुल चार्ज, संध्याकाळपर्यंत बघायला नको. असं काही नसतं. पेशी जी एनर्जी वापरते ती एटीपी नावाच्या रेणूतून, आणि तुमच्या-माझ्या अंगात कुठल्याही क्षणी एटीपी असतं किती, तर जेमतेम पाच-सात तोळे. पण दिवसभरात आपण साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी वापरतो. साठ-सत्तर किलो! ते कसं जमतं तर तेच एटीपी फुटतं, त्याचं एडीपी होतं, एडीपीला परत फॉस्फेट चिकटवून एटीपी केलं जातं, एकेक रेणू दिवसात शेकडो वेळा या चक्रातून जातो. साठा म्हणाल तर काही सेकंदांचा. साठवण चरबीत असते, ग्लायकोजेनमध्ये (शरीरातला साखरेचा साठा) असते, एटीपीत नाही. त्यामुळे 'चार्ज' करायला तिथे जागाच नाहीये.

(हे एटीपी १९२९ मध्ये सापडलं, जर्मनीत लोहमान यांना आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डला फिस्के आणि सुब्बाराव यांना. हे सुब्बाराव म्हणजे आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. मुलांना श्वसनाच्या धड्यातल्या क्रेब्जचं नाव तोंडपाठ असतं आणि सुब्बाराव म्हटलं की वर्ग गप्प, म्हणून संधी मिळेल तिथे मी हे घुसवते, रिव्ह्यूत सुद्धा.)

मग माइटोकॉन्ड्रिया करतात काय? तुम्ही पोळी खाल्ली, तिचं ग्लुकोज झालं, पेशीत गेलं. तिथे माइटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच त्याचे दोन तुकडे होतात आणि निव्वळ २ एटीपी पदरात पडतात, इथपर्यंत ऑक्सिजन लागत नाही. ते तुकडे आत जातात, क्रेब्ज चक्रात त्यांचा पार भुगा होतो, कार्बन सगळा कार्बन डायऑक्साइड बनून श्वासावाटे बाहेर, आणि त्यातले इलेक्ट्रॉन एनएडी आणि एफएडी या दोन रेणूंवर लादले जातात. खरा माल हे इलेक्ट्रॉन. माइटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात चार मोठाले प्रोटीनचे संच बसवलेले असतात, कॉम्प्लेक्स एक ते चार, आणि इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी चार नंबरवर ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि पाणी होतं. आपण श्वास घेतो तो जवळपास सगळा या शेवटच्या एका कामासाठी. सायनाइड माणसाला मारतं ते इथेच, चार नंबर बंद पाडतं, रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो पण पेशीला वापरता येत नाही.

इलेक्ट्रॉन जाताना जी शक्ती सुटते तिच्यावर एक, तीन आणि चार नंबरचे संच प्रोटॉन (हायड्रोजनचे धन कण) पडद्याच्या आतून बाहेर ढकलतात. बाहेर प्रोटॉनची गर्दी, आत कमी, आणि पडद्याच्या दोन बाजूंमध्ये साधारण १५० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. १५० मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं पण पडदा किती पातळ, ५-६ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या हिशोबात गेलात तर अडीच-तीन कोटी व्होल्ट. मी फळ्यावर हा भागाकार करून दाखवते तेव्हा शेवटच्या बाकावरचे पण मान वर करतात. आता त्या प्रोटॉनना आत यायचंय आणि पडदा त्यांना येऊ देत नाही, वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून. आणि ते खरोखर यंत्र आहे, उपमा नाही, त्याचा खालचा भाग गोल गोल फिरतो. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला चमकणारा एक धागा चिकटवला आणि तो धागा फिरताना मायक्रोस्कोपखाली सरळ डोळ्यांनी बघितला. माणसाच्या यंत्रात आठ प्रोटॉन आत आले की एक फेरी पुरी होते आणि एका फेरीत ३ एटीपी तयार. एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ एटीपी निघतात, जुन्या पुस्तकांत ३६-३८ असायचे, तुमच्या मुलाच्या गाईडमध्ये अजून तेच असेल तर असू दे, पेपरला जे पुस्तकात आहे ते लिहायला सांगा.

ही प्रोटॉनची आयडिया पीटर मिचेल या इंग्रज माणसाने १९६१ मध्ये मांडली तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, सगळे एखादा मधला केमिकल पदार्थ शोधत बसले होते, जो नव्हताच. मिचेलने तब्येतीपायी नोकरी सोडली, कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त केला, तिथेच लॅब थाटली आणि १९७८ ला एकट्याने नोबेल घेतलं. असो, विषय लांबला.

क्यू-टेनचं काम या सगळ्यात कुठे? स्टेशनवरून बाजारपेठेत शेअर रिक्षा जातात ना, तसं समजा. एक आणि दोन नंबरचे कॉम्प्लेक्स म्हणजे स्टेशन, तीन नंबर म्हणजे बाजारपेठ, इलेक्ट्रॉन म्हणजे पॅसेंजर, आणि क्यू-टेन म्हणजे त्यांना दोन-दोन करून नेणारी रिक्षा, सोडून आली की परत स्टेशनला. पडदा तेलकट असतो आणि क्यू-टेनला दहा तुकड्यांची लांब तेलकट शेपटी असते, म्हणून ते त्या पडद्यातच इकडून तिकडे फिरतं, नावातले दहा ते हेच. आता रिक्षा कमी असतील तर स्टेशनवर पॅसेंजर तुंबणार, हे मान्य. पण रिक्षा पुरेशा असताना तुम्ही आणखी पन्नास आणून उभ्या केल्या तर पॅसेंजर वाढतात का? नुसती रिक्षांची रांग वाढते. धडधाकट माणसाच्या शरीराला क्यू-टेन बाहेरून लागतच नाही फारसं, शरीर स्वतः बनवतं, जेवणातून येतं ते दिवसाला ३ ते ६ एमजीच्या आसपास, शेंगदाण्यातून, मटणातून, बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांतून. म्हणजे 'पाच पट' मधल्या पाचाला काही आधार नाही.

आणि याच्याही पुढची गोष्ट, जी कुठल्याच डब्यावर लिहिलेली मला दिसली नाही. एटीपी किती बनवायचं हे ठरतं मागणीवर. ते फिरणारं यंत्र चालायला एडीपी लागतं, आणि एडीपी तयार होतं कधी, तर तुम्ही एटीपी खर्च केल्यावर. सोफ्यावर बसून राहिलात, खर्च कमी, एडीपी कमी, यंत्र मंद, प्रोटॉन बाहेर तुंबले, त्यांच्या दाबापुढे आणखी प्रोटॉन ढकलायला जड जायला लागलं की मागचे इलेक्ट्रॉन पण जागच्या जागी. ब्रिटन चान्स आणि विल्यम्स यांनी १९५५ मध्येच हे मोजून दाखवलंय, काढून घेतलेल्या माइटोकॉन्ड्रियात एडीपी टाकलं की ऑक्सिजन भराभर संपतो, एडीपी संपलं की परत मंद. मग बसलेल्या माणसाच्या माइटोकॉन्ड्रियाला कॅप्सूलने पाच पट पळवायचं म्हणजे नक्की करायचं काय?

पळवता येतं, तसं म्हटलं तर. १९३० च्या दशकात अमेरिकेत डीएनपी नावाची वजन कमी करायची गोळी निघाली होती. ती पडद्यातून प्रोटॉन परस्पर आत घेऊन यायची, यंत्राला वळसा घालून, त्यामुळे इंधन जोरात जळायचं पण एटीपी बनण्याऐवजी नुसती उष्णता. वजन उतरायचं खरं. आणि काही लोक आतल्या आत ताप चढून गेले, काहींना मोतीबिंदू झाले, १९३८ मध्ये तिथे बंदीच आली. इंटरनेटवर अजूनही ती विकतात म्हणे फॅट बर्नर म्हणून, कोणीही, अगदी कोणीही त्या वाटेला जाऊ नका. आमच्या बाटलीत असलं काही नाहीये, ते बघूनच घेतली.

मग काय काय आहे बाटलीत? क्यू-टेन सोडून 'प्रोप्रायटरी ब्लेंड', म्हणजे कोणती वस्तू किती ते सांगणार नाही. त्यात एल-कार्निटीन, हे चरबीचे लांब रेणू माइटोकॉन्ड्रियात आत न्यायला लागतं पण ते पण शरीर स्वतः बनवतं. बी-२ आणि बी-३, यांच्यापासूनच ते एफएडी आणि एनएडी बनतात, कमतरता असेल त्यांना उपयोग, बाकीच्यांच्या लघवीतून जातात, आणि बी-२ तर चक्क दिसतं जाताना. दुसऱ्याच दिवशी नवरा बाथरूममधून घाबरून बाहेर, "अगं, कावीळ झाली की काय, हळदीसारखं पिवळं झालंय!" म्हटलं, "अहो, ते तुमचे पैसे चाललेत." मिऱ्याचा अर्क आहे, शोषण वाढावं म्हणून. आणि सगळ्यात शेवटी, गुपचूप, ग्रीन कॉफी बीन एक्स्ट्रॅक्ट.

इथे सगळा उलगडा झाला बघा. कारण फरक खरंच पडला होता! पहिल्या आठवड्यात हे म्हणायला लागले तरतरी वाटते, संध्याकाळी डोळे मिटत नाहीत, सातची बातमी पूर्ण बघता येते. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. डब्यावर लिहिलंय जेवणानंतर घ्या, ते बरोबर आहे, क्यू-टेन तेलात विरघळणारं आहे, उपाशीपोटी घेतलं तर अंगी लागत नाही, तूप-तेलाच्या जेवणासोबतच घ्यायला हवं. म्हणून हे रात्रीच्या जेवणानंतर घ्यायचे. आणि त्यातली कॉफी रात्रभर जागं ठेवायची, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात.

आणि गंमत म्हणजे कॅफिन एनर्जी देत नाहीच. एटीपी फुटत फुटत शेवटी जो अडेनोसिन उरतो तो दिवसभर मेंदूत जमत जातो आणि 'आता थकलास, झोप' असा निरोप देतो. कॅफिन त्या निरोपाच्या जागी स्वतः जाऊन बसतं. म्हणजे एनर्जी तेवढीच, थकवा तेवढाच, फक्त तुम्हाला कळत नाही! माइटोकॉन्ड्रियाच्या नावाखाली विकलं काय तर एटीपी खर्च झाल्याची खबर दाबून ठेवणारी वस्तू. खाली 'तिसऱ्या दिवसापासून फ्रेश वाटलं' असं लिहिणाऱ्यांनी एकदा घटक वाचा, तेवढी तरतरी कोपऱ्यावरच्या टपरीवर दहा-पंधरा रुपयांत मिळते आणि वर गप्पा होतात. शिवाय क्यू-टेनची रक्तातली पातळी हळूहळू चढते, स्थिरावायलाच दोनेक आठवडे जातात, तिसऱ्या दिवशी जे वाटलं ते त्याचं नव्हे.

मी मग ऑफिसातल्या त्या मूळ सल्ल्याकडे वळले, नुसती टिंगल करायला नको म्हणून. स्टॅटिन जे एन्झाइम अडवतं त्याच्या पुढच्या वाटेवर कोलेस्टेरॉल पण बनतं आणि क्यू-टेनची शेपटी पण, वाट एकच आहे, त्यामुळे स्टॅटिनने रक्तातलं क्यू-टेन उतरतं हे खरं. पण क्यू-टेन रक्तात फिरतं ते बरंचसं एलडीएलवर (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) बसून, आणि एलडीएलच कमी केलं तर त्याच्यावर बसणारं पण कमी दिसणारच. पायदुखीसाठी क्यू-टेन देऊन बऱ्याच चाचण्या झाल्या, काहींत थोडा फायदा, काहींत शून्य, आणि २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल गाइडलाइनने स्पष्ट लिहिलं की स्टॅटिनसोबत सरसकट द्यायची शिफारस नाही. आमच्या ह्यांच्या पायाला बाटली संपेपर्यंत काही म्हणजे काही फरक नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो (आधीच जायला पाहिजे होतं असं मी म्हणत होते, पण ऐकतंय कोण), त्यांनी रक्त तपासलं, गोळी बदलून कमी डोसची दिली, दुखणं उतरलं. आणि कोणीही हे वाचून स्टॅटिन मनाने बंद करू नका, ती मोठी गोष्ट आहे, पायदुखी त्यापुढे लहान.

क्यू-टेन टाकाऊ आहे असं मात्र माझं म्हणणं नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला फ्रेडरिक क्रेन यांनी ते बैलाच्या हृदयाच्या माइटोकॉन्ड्रियातून वेगळं काढलं, हृदयच का, तर तिथे माइटोकॉन्ड्रियाची खच्चून गर्दी, हृदयाच्या स्नायूपेशीचा साधारण तिसरा हिस्सा नुसते माइटोकॉन्ड्रिया. म्हणून हार्ट फेल्युअरच्या पेशंटना देऊन बघण्यात अर्थ होता. २०१४ मध्ये आलेल्या क्यू-सिम्बायो नावाच्या चाचणीत ४२० पेशंट होते, रोज ३०० एमजी, दोन वर्षं, आणि हृदयामुळे मृत्यू किंवा अॅडमिट व्हावं लागणं अशा मोठ्या घटना घेणाऱ्यांत १५ टक्के, न घेणाऱ्यांत २६ टक्के. चाचणी लहान आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. काही मुलांमध्ये जन्मतःच क्यू-टेन बनवणारं जनुक बिघडलेलं असतं, फार दुर्मिळ, तिथे तर ते औषधच आहे. उलट पार्किन्सनसाठी ६०० पेशंटवर १२०० आणि २४०० एमजी एवढ्या मोठ्या डोसने बघितलं, त्याचाही निकाल २०१४ चाच, फायदा शून्य. म्हणजे ज्याच्याकडे रिक्षा कमी आहेत त्याला उपयोग, आणि ते डॉक्टर ठरवतील, बाटलीवरचे आजोबा नाही.

एका बाईंनी खाली विचारलंय की माइटोकॉन्ड्रिया वाढवायचा दुसरा उपाय आहे का. आहे, पण बाटलीत मिळत नाही. १९६७ मध्ये सेंट लुईसला जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या पायांच्या स्नायूत माइटोकॉन्ड्रियाची इंधन जाळायची क्षमता जवळपास दुप्पट झाली. माणसांतही स्नायूला रोज रोज एटीपी कमी पडायला लागलं की पेशी नवे माइटोकॉन्ड्रिया तयार करते, दम लागेल इतपत चाललं-पळलं तरी. बसून राहिलं की परत कमी होतात. हे मी नवऱ्याला वीस वर्षं सांगतेय, पण बायकोच्या तोंडून आलं की त्याला वजन नाही, डॉक्टरांनी गोळी बदलताना चालायचं कागदावर लिहून दिलं तेव्हा स्पोर्ट्स शूज आले घरात. सध्या बहिणाबाई उद्यानापर्यंत जातात-येतात, रोज नाही, पण जातात.

ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय आणि घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी एवढंच. ब्लेंडवालं घेऊ नका, नुसतं क्यू-टेन घ्या, ते पण तेलातलं सॉफ्टजेल, कोरड्या पावडरची कॅप्सूल अंगी कमी लागते. 'युबिक्विनॉल' (क्यू-टेनचंच दुसरं रूप) लिहिलेलं दुपटीने महाग असतं, शरीर एकाचं दुसरं करतच असतं, त्यामुळे आधी साधं घेऊन बघायला हरकत नाही. एमजीमागे किती रुपये पडतात ते काढा. रक्त पातळ करायची वॉरफरीन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, तिचा परिणाम कमी होऊ शकतो. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी पण सांगून घ्या. गरोदर बायकांनी घेऊच नका. आणि मे महिन्यात मागवू नका, ते वर सांगितलंच.

दोन स्टारचा हिशोब असा, एक बाटलीला आणि सीलला, आणि एक क्यू-टेन खरंच आत आहे म्हणून, नारिंगी डाग साक्षीला आहे. कॉफी लपवली आणि सर्व्हिंगची चलाखी केली त्याचे दोन कापले, '५ पट'चा एक. कंपनीने उत्तरात 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं लिहून पुढच्या ऑर्डरवर दहा टक्क्यांचं कूपन पाठवलंय, कोणाला हवं असेल तर घ्या, माझ्याकडे पडूनच आहे.